अमेझॉनच्या मुलाखतीसाठी लीटकोडपलीकडे काय करू?

हिंजवडीकर: चार वर्षं जावावर काम करतोय. पुढच्या महिन्यात एसडीई-टूच्या (सॉफ्टवेअर इंजिनिअरची दुसरी पातळी) फेऱ्या. लीटकोडवर (कोडिंगच्या सरावाची साइट) ग्राफ, डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग) घोटून झालं. आणखी काय बघू?

जुनं_खोड: त्यांची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स (कंपनीची कामाची तत्त्वं) हलक्यात घेऊ नकोस, त्यावर खोदून खोदून विचारतात. ‘आम्ही केलं’ चालत नाही. तू स्वतः काय केलंस ते आकड्यांसकट सांग. बार रेझर, म्हणजे निवडीचा दर्जा राखायला बसवलेला मुलाखतकार, दुसऱ्या टीमचा असतो, त्याला जागा भरायची घाई नसते.

बगमावशी: आणि कोड लिहिताना तोंडाला कुलूप लावून बसू नकोस रे! एक लाख नोंदींचा अ‍ॅरे आणि लूपमध्ये लूप, म्हणजे हजार कोटी चकरा. हे मोठ्याने बोल, मग किल्लीवरून थेट शोधणारा हॅशमॅप काढ.

हिंजवडीकर: सिस्टिम डिझाइन?

जुनं_खोड: एसडीई-टूला विचारणारच, मोठी सिस्टिम कशी उभारशील ते. आधी ट्रॅफिक किती ते विचार, लगेच काफ्कासारखं जड मेसेजिंग टूल काढू नकोस.