मशीनच्या कॅलरी आणि हाताच्या दांड्या

ट्रेडमिलवर पाच किलोमीटर पळलं की मशीन ४३० कॅलरी दाखवतं आणि मनगटावरचं घड्याळ ३२०, मग खरं कुठलं, असं तुम्ही विचारलंय. आधी एक बघा, मशीनने तुमचं वजन विचारलं होतं का? आमच्या जिममधलं विचारतं, पण सगळे घाईत थेट स्टार्ट दाबतात. मग ते आपल्या मनाचं वजन धरून चालतं, आणि माझ्यासारख्या ६२ किलोच्या माणसाला फुकटच्या कॅलरी मिळतात.

ढोबळ हिशेब सोपा आहे: पळताना वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला साधारण १ कॅलरी. म्हणजे ६२ गुणिले ५, ३१० च्या आसपास. नुसतं बसून राहिलो तरी तेवढ्या वेळात ३५-४० जळतातच. मशीन बहुधा त्याही यात धरतं.

आणि मशीनच्या त्या हाताने धरायच्या दांड्या! चढ १० वर ठेवून दांडीला लोंबकळत चालणारे एक काका रोज दिसतात. मशीनला फक्त पट्ट्याचा वेग आणि चढ कळतो, काकांचा अर्धा भार हातांवर आहे हे त्याला कुठून कळणार? घड्याळही काही देव नाही, मनगटावर सैल असलं की हृदयाचे ठोके मोजायला चुकतं. मी आकडा फक्त कालच्या माझ्याच आकड्याशी ताडून बघतो. त्याच्या हिशेबाने वडापाव मात्र खात नाही.