मदत हवी आहे: नाकारलेल्या एक्स-रे प्रतिमांची खरी नोंद कशी ठेवावी?

नमस्कार.

गोव्यातील एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयात एक्स-रे विभागाच्या गुणवत्ता-तपासणीचे काम अलीकडे माझ्याकडे आले आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे दर दोन वर्षांनी करायची क्यूए (गुणवत्ता-हमी) चाचणी आमच्याकडे वेळेवर होते, तिचा अहवाल मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर चढतो, आणि केव्ही (ट्यूबचा विद्युतदाब), टायमर, कॉलिमेटरचा (किरणक्षेत्र आखणाऱ्या भागाचा) प्रकाश व प्रत्यक्ष किरणक्षेत्र यांचा मेळ हे सारे मर्यादेत असते. माझी अडचण यंत्राबाबत नसून रोज निघणाऱ्या प्रतिमांबाबत आहे.

पूर्वी बिघडलेली फिल्म निदान डब्यात तरी सापडत असे. आता टेक्निशियन ती कन्सोलवरच पुसून टाकतो, दुसरे एक्स्पोजर देतो आणि पॅक्सवर (प्रतिमा साठवण्याच्या व पाहण्याच्या संगणक-प्रणालीवर) फक्त चांगली प्रतिमा जाते. त्यामुळे रेडिओलॉजिस्टना सर्व आलबेल दिसते, पण रुग्णाला मात्र दोनदा किरण मिळालेले असतात. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2015 च्या अहवालात नाकारलेल्या प्रतिमांचे प्रमाण सुमारे 8 टक्के हे लक्ष्य धरले आहे आणि ते 10 टक्क्यांवर गेल्यास कारण शोधावे असे सुचवले आहे. आमच्या वहीत त्या मानाने जवळजवळ काहीच नोंद नाही. याचा अर्थ काम उत्तम चालले आहे असा नसून नोंदच होत नाही असा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय कोणती प्रतिमा नाकारावी यावरही एकमत नाही. तारवावर रुजू होण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीसाठी येणाऱ्यांच्या छातीचे एक्स-रे आमच्याकडे बरेच निघतात. त्यांतील एखाद्यात गळ्याजवळची हाडे मणक्यापासून समान अंतरावर नसतात, खांद्याची पाती फुप्फुसांवर आलेली असतात आणि मागच्या फासळ्या जेमतेम आठ मोजता येतात, म्हणजे श्वास पुरता घेतलेला नसतो. एक टेक्निशियन ती प्रतिमा पुन्हा काढतो, तर दुसरा तशीच पुढे पाठवतो. (रुग्णाला त्याच्या भाषेत, मग ती कोंकणी असो, हिंदी असो वा कन्नड, श्वास रोखण्याची सूचना नीट दिली तर निम्मे काम होईल, पण बाहेर रांग असली की तेवढी उसंत कोणाला असते?)

दुसरी बाब किरणमात्रेची आहे. डिजिटल प्रतिमा कमी मात्रेत दाणेदार दिसते, जास्त मात्रेत मात्र सुरेखच दिसते, म्हणून एमएएस (किरणांचे प्रमाण ठरवणारा आकडा) हळूहळू वाढत जातो आणि कोणाचीही तक्रार येत नाही. नव्या डीआर (थेट डिजिटल) खोलीत डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे मात्रा लक्ष्यापासून किती ढळली हे सांगणारा अंक, दिसतो. तो +3 म्हणजे लक्ष्याच्या दुप्पट आणि -3 म्हणजे निम्मी मात्रा, हे सर्वांना समजावता येते. जुन्या खोलीत मात्र फुजीचे सीआर (प्लेट वेगळ्या यंत्रात वाचून डिजिटल प्रतिमा देणारी पद्धत) आहे, आणि तिथे मात्रा वाढली की एस व्हॅल्यू, म्हणजे तिथला मात्रादर्शक अंक, उतरते. एकाच पाळीत दोन्ही खोल्यांत काम करणाऱ्यांचा यात गोंधळ उडतो.

पावसाळ्यात सीआर प्लेटवर दिसणाऱ्या डागांविषयी स्वतंत्र धागा काढीन.

ज्यांनी आपल्या विभागात नाकारलेल्या प्रतिमा नोंदवण्याची पद्धत बसवली आहे, त्यांनी कृपया सांगावे की पुसण्यापूर्वी कारण निवडणे कन्सोलवरच सक्तीचे केले होते की वेगळा तक्ता ठेवला होता, आणि कारणांचे गट किती केले होते. आकडे व्यक्तिवार न काढता खोलीवार व तपासणीवार काढावेत, असा माझा विचार आहे, कारण नाव लागले की लोक नोंद लपवतील. परंतु व्यवस्थापनाचा आग्रह नेमका नावांचाच आहे. त्यांना हे कसे पटवून द्यावे, याबद्दलही अनुभव वाचायला आवडतील. रुग्णांची माहिती वगळून तक्त्याचा नमुना कोणी देऊ शकल्यास मी आभारी राहीन.