मेल सर्व्हरची डिस्क भरत आली: जुने मेल न पुसता कुठे आणि कसे हलवावेत?

मधलीसुट्टी

नमस्कार मंडळी. लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट २.३ (मेल साठवून लोकांना दाखवणारा) आहे. ३० खाती, मेल मेलडिर पद्धतीने (दर मेलची वेगळी फाइल) साठवलेले, फाइलसिस्टिम ईएक्सटी४. मेलसाठीचं ५०० जीबीचं स्वतंत्र पार्टिशन ९२ टक्के भरलंय. निम्म्याहून जास्त जागा हिशेब आणि विक्री विभागाच्या पाच खात्यांनी खाल्ली आहे. त्यांत दहा वर्षांपूर्वीचे मेल आहेत, बहुतेकांना पीडीएफ नाहीतर फोटो जोडलेले. मेल पुसायचे नाहीत असं वरून स्पष्ट सांगितलंय. ४ टीबीची साधी फिरती डिस्क जोडता येईल. बहुतेक लोक आउटलुक किंवा थंडरबर्डवर आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून) बघतात, दोघं-तिघं पॉपवर (मेल आपल्या संगणकावर उतरवून घेणारे) आहेत.

जुने मेल दुसऱ्या डिस्कवर असावेत, पण लोकांना नेहमीच्या प्रोग्राममध्येच दिसावेत, असं करता येईल का? आणि सध्या रोज रात्री आरसिंकने (फाइल्सची प्रत करणारा प्रोग्राम) बॅकअप होतो, तो सकाळपर्यंत संपत नाही. त्याचं काय करावं?

---

खोलवर

करता येईल. पण हलवाहलवी सुरू करण्याआधी थोडी मोकळी जागा हाताशी असू द्या, कारण डिस्क पूर्ण भरली की त्रास वेगळाच सुरू होतो. मेलचं पार्टिशन भरलं तर डव्हकॉट डिलिव्हरी तात्पुरती नाकारतो आणि मेल पोस्टफिक्सच्या रांगेत साचतात. रांगेतला मेल मूळ सेटिंगनुसार ५ दिवस थांबतो, मग पाठवणाऱ्याकडे परत जातो. रांगही त्याच पार्टिशनवर असेल तर आणखी लवकर अडेल. रांगेच्या जागी कमाल मेल आकाराच्या दीडपट जागा मोकळी नसेल तर पोस्टफिक्स नवा मेल घेतच नाही, ४५२ चा कोड देऊन परतवतो. कमाल आकार ५० एमबी ठेवला असेल तर ही मर्यादा ७५ एमबीची.

ईएक्सटी४ मूळ सेटिंगनुसार ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते. ५०० जीबीमध्ये ते झाले २५ जीबी. नुसत्या मेलच्या पार्टिशनवर एवढ्या राखीव जागेची गरज नसते. ट्यून२एफएस या कमांडने ती १ टक्क्यावर आणलीत की २० जीबी तिथल्या तिथे मिळतात, अनमाउंटसुद्धा (पार्टिशन सिस्टिमपासून वेगळं) करावं लागत नाही.

डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला आय हा पर्याय देऊन आयनोडही (फाइलसिस्टिममधली दर फाइलची नोंद) बघून घ्या. मेलडिरमध्ये दर मेलला एक फाइल, म्हणजे एक आयनोड. नेहमीच्या पद्धतीने बनवलेल्या ईएक्सटी४मध्ये दर १६ केबीला एक असे साधारण ३ कोटी असतात, ते पुरतात. पण पार्टिशन ‘लार्जफाइल’ प्रकाराने बनवलं असेल तर दर १ एमबीला एकच, म्हणजे जेमतेम ५ लाख. मग जागा शिल्लक असतानाही ‘डिस्क भरली’ असा संदेश येतो. ही संख्या नंतर नुसती वाढवता येत नाही, फाइलसिस्टिम नव्यानेच बनवावी लागते.

ट्रॅश आणि जंकसाठी ऑटोएक्स्पंज (जुने मेल आपोआप पुसणारी डव्हकॉटची सेटिंग) ३० दिवसांवर लावा. मात्र ते खात्याचं सेशन संपताना चालतं, त्यामुळे कुणीच उघडत नसलेल्या खात्यांवर भरवसा नको. तिथे क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) डव्हकॉटची कमांड डव्हअ‍ॅडम एक्स्पंज चालवा. ‘काही पुसायचं नाही’ यात ट्रॅश येतो का, हे आधी लेखी विचारून घ्या. बऱ्याच ऑफिसांत लोक ट्रॅशचाच कपाटासारखा वापर करतात.

अजून एक: त्याच पार्टिशनवर हार्डलिंकवाले (त्याच फाइलला दुसरं नाव देऊन केलेले) रोजचे बॅकअप असतील तर मेल पुसून एक बाइटही मोकळा होणार नाही. शेवटची लिंक जाईपर्यंत फाइलची जागा सुटत नाही.

---

साठवण

मूळ प्रश्नाचं उत्तर म्हणजे डव्हकॉटमध्ये दुसरी नेमस्पेस, म्हणजे फोल्डरांचा वेगळा गट. तिचं लोकेशन नव्या डिस्कवर द्यायचं आणि प्रीफिक्स (फोल्डरांच्या नावाआधीचा भाग) ‘आर्काइव्ह/’ असा. खात्यात ‘आर्काइव्ह’ नावाची फांदी दिसू लागते आणि खालची डिस्क वेगळी आहे हे वापरणाऱ्याला कळतसुद्धा नाही. सेपरेटर (फोल्डरांची नावं वेगळी करणारं चिन्ह) दोन्ही नेमस्पेसमध्ये एकच ठेवा, नाहीतर क्लायंट (आउटलुक, थंडरबर्डसारखे प्रोग्राम) गोंधळतात. नव्या नेमस्पेसच्या सेटिंगमध्ये इनबॉक्स ‘नो’, लिस्ट ‘येस’ ठेवा. डव्हकॉट २.४ वर जाणार असाल तर लक्षात घ्या की तिथे मेल_लोकेशन ही सेटिंग मोडून मेल_ड्रायव्हर आणि मेल_पाथ अशी वेगळी केली आहे. २.३ ची फाइल तशीच उचलून चालणार नाही.

फिरती डिस्क एकच लावू नका. दोन घ्या आणि मिररमध्ये ठेवा. हलवल्यानंतर या मेलची मूळ प्रत दुसरीकडे कुठेही राहत नाही.

माउंट नीट झालं नाही तर काय होईल, याचा बंदोबस्त आधी करा. सर्व्हर रीस्टार्ट झाला, डिस्क माउंट झाली नाही आणि डव्हकॉट मात्र सुरू झाला, तर तो रिकाम्या फोल्डरमध्ये नवं मेलडिर बनवतो. लोकांना आर्काइव्ह रिकामं दिसतं आणि क्लायंट आपल्याकडच्या प्रती पुसून टाकतात. म्हणून डिस्क माउंट नसताना ते फोल्डर रूटच्या मालकीचं ठेवा, मेलच्या युजरला तिथे लिहिता येता कामा नये. शिवाय सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) डव्हकॉटच्या युनिटला रिक्वायर्समाउंट्सफॉर ही ओळ जोडा. डिस्क नसेल तर सेवाच सुरू होणार नाही. मेल थोडा वेळ बंद राहिलेला परवडतो.

प्रत्यक्ष हलवण्यासाठी डव्हअ‍ॅडम मूव्ह वापरा. फाइल्स हाताने एमव्हीने हलवू नका. वर्षवार फोल्डर करा: आर्काइव्ह/२०१५/इनबॉक्स, आर्काइव्ह/२०१५/सेंट असे. सेंट विसरू नका, आपण पाठवलेल्या जोडण्या तिथेच पडून असतात. फोल्डर आधी डव्हअ‍ॅडम मेलबॉक्स क्रिएटने बनवा, एस हा पर्याय दिलात तर सबस्क्राइबही होतो. मूव्हमध्ये कुठे न्यायचं ते आधी येतं, कुठून ते नंतर, आणि शेवटी तारखांची अट: सिन्स २०१५-०१-०१ बिफोर २०१६-०१-०१. तीच अट आधी डव्हअ‍ॅडम सर्चला देऊन किती मेल सापडतात ते मोजा.

तारखेच्या अटी तीन प्रकारच्या आहेत आणि नेमका इथेच घोळ होतो. ‘बिफोर’ सर्व्हरवर मेल आल्याची तारीख बघतं. ‘सेंटबिफोर’ मेलच्या हेडरमधली तारीख बघतं, जी पाठवणाऱ्याचं घड्याळ चुकलं असेल तर १९७० सुद्धा असू शकते. ‘सेव्हडबिफोर’ मेल त्या फोल्डरमध्ये कधी ठेवला गेला ते बघतं. मेलडिरमध्ये ही शेवटची तारीख इंडेक्सच्या कॅशमध्ये नसेल तर फाइलच्या सीटाइमवरून (फाइलची नोंद शेवटची बदलली ती वेळ) घेतली जाते, म्हणजे सर्व्हर बदलताना फाइल्स कॉपी झाल्या असतील तर सगळे मेल त्याच दिवशीचे ठरतात. ट्रॅशसाठी सेव्हडबिफोर योग्य. वर्षवार आर्काइव्हसाठी बिफोर वापरा, आणि आल्याची तारीख जुन्या कॉपीत बिघडलेली दिसली तरच सेंटबिफोरकडे वळा.

प्रत्येक फोल्डरआधी आणि नंतर डव्हअ‍ॅडम मेलबॉक्स स्टेटसने ‘मेसेजेस’ आणि ‘व्हीसाइज’ (मेलचा एकूण आकार) टिपून ठेवा. उगमात जेवढे कमी झाले तेवढेच गंतव्यात वाढले पाहिजेत. मूव्ह आधी प्रत करतं आणि मग मूळ काढतं, त्यामुळे काम मध्येच तुटलं तर मेल हरवण्यापेक्षा दोनदा दिसण्याची शक्यता जास्त. दुहेरी झालेले मेल डव्हअ‍ॅडम डिडुप्लिकेटने मेसेज-आयडीवरून काढता येतात, पण एका वेळी एकाच फोल्डरवर चालवा.

---

आयनोड

थांबा, हलवण्याआधी कॉम्प्रेशन सुरू करा. मग हलताहलताच मेल दाबले जातील आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागणार नाही. २.३ मध्ये झेडलिब प्लगिन आणि झेडलिब_सेव्ह ही सेटिंग, २.४ मध्ये त्याचंच नाव मेल_कॉम्प्रेस. प्लगिन मेल_प्लगिन्सच्या मुख्य ओळीत लिहा, फक्त आयमॅपच्या विभागात नको. एलएमटीपीने (पोस्टफिक्सकडून डव्हकॉटकडे मेल पोचवणारा मार्ग) दाबून ठेवलेला मेल पॉपच्या प्रोसेसला उघडता आला नाही तर त्या माणसाला अगम्य अक्षरं दिसतात. प्रोटोकॉलच्या विभागांत मेल_प्लगिन्स पुन्हा लिहिलं असेल तर तिथे मुख्य यादीचा संदर्भ आहे ना, हेही तपासा.

बचतीचा अंदाज बांधताना दोन गोष्टी. साधा मजकूर आणि एचटीएमएल भरपूर आक्रसतात. फोटो, झिप आणि बहुतेक पीडीएफ आधीच दाबलेले असतात, पण मेलमध्ये ते बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांत बदलून) जातात आणि त्यामुळे एक तृतीयांशाने फुगतात. कॉम्प्रेशन तो फुगवटा बहुतेक काढून टाकतं. म्हणजे नुसते फोटो असले तरी सुमारे २५ टक्के जागा वाचते, त्याहून फार जास्त नाही.

एकाच डिस्कवर मेल हलवला तर हा फायदा होत नाही, कारण तिथे मेलडिर हार्डलिंक करतं आणि फाइल आहे तशीच राहते. तुमच्या बाबतीत डिस्क वेगळी आहे, त्यामुळे मेल नव्याने लिहिला जाईल.

कोटाही (खात्याची जागेची मर्यादा) वेगळा करा. कोट्याचं दुसरं रूट (वेगळा हिशेब) बनवून ते आर्काइव्हच्या नेमस्पेसला बांधा, नाहीतर मेल हलवूनही माणसाचा कोटा भरलेलाच दिसेल. मुख्य खात्यासाठी डव्हकॉटची कोटा-स्टेटस सेवा पोस्टफिक्सला जोडून घ्या. मग भरलेल्या खात्याचा मेल दारातच नाकारला जातो. आधी स्वीकारून मग परत पाठवला तर खोट्या पत्त्यांवरून आलेल्या स्पॅमची उत्तरं भलत्याच लोकांकडे जातात.

---

उत्तररात्र

इतकं सगळं करण्यापेक्षा आउटलुकमधून वर्षवार पीएसटी (आउटलुकच्या मेल साठवणाऱ्या फाइल्स) काढून एका शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवल्या तर? सर्व्हर हलका होतो.

---

साठवण

नको. नेटवर्कवरून उघडलेली पीएसटी कनेक्शन मध्येच तुटलं की बिघडते. जुन्या एएनएसआय प्रकारच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा आहे आणि ती ओलांडणाऱ्या फाइल्स खराब होतात. नव्या प्रकाराची मर्यादा ५० जीबी आहे, पण तीही एका वेळी एकाच माणसाला उघडता येते आणि थंडरबर्डवाल्यांच्या उपयोगाची नाही. सर्व्हरवरून एकदा बाहेर गेलेला मेल बॅकअपमधूनही जातो, आणि मग कुठल्या संगणकावर काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

---

मधलीसुट्टी

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. दोन शंका. मेलडिर सोडून एमडीबॉक्सवर (एका फाइलमध्ये अनेक मेल ठेवणारी पद्धत) जावं का? त्यात जुने मेल आपोआप दुसऱ्या डिस्कवर जातात असं वाचलं. आणि ‘मेल पुसायचे नाहीत’ हे कर्मचाऱ्यानेच मेल पुसला तर कसं पाळायचं?

---

खोलवर

एमडीबॉक्समध्ये पर्यायी साठा देता येतो आणि डव्हअ‍ॅडम ऑल्टमूव्हने जुने मेल तिकडे जातात. आपोआप मात्र नाही, क्रॉन लावावाच लागतो. त्यात मेलचे फ्लॅग (वाचलेला-न वाचलेला अशा खुणा) आणि कोणता मेल कोणत्या फोल्डरात आहे हे सगळं इंडेक्सवर अवलंबून असतं. इंडेक्स बिघडला तर मजकूर परत मिळतो, पण वाचलेले-न वाचलेले यांची माहिती जाते. पुसलेल्या मेलची जागाही डव्हअ‍ॅडम पर्ज चालवल्याशिवाय सुटत नाही. ३० खात्यांसाठी मेलडिर पुरेसं आहे. काही बिघडलंच तर साध्या फाइल्स डोळ्यांनी बघता येतात, ही सोय मोलाची आहे.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. वर सांगितलेलं आर्काइव्ह हे लोकांचं आहे, त्यातून ते मेल पुसू शकतात. नोंद म्हणून मेल जपायचे असतील तर प्रत दारातच काढावी लागते. पोस्टफिक्समध्ये ऑलवेज_बीसीसीला (प्रत्येक मेलची प्रत पाठवणारी सेटिंग) एक पत्ता द्या आणि तो पायलरसारख्या मेल-आर्काइव्ह प्रोग्रामकडे वळवा. पायलर एकसारख्या जोडण्या एकदाच ठेवतो, दाबतो आणि कूटबद्ध करतो. त्याची किल्ली त्याच सर्व्हरवर एका फाइलमध्ये असते. तिची प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवा, ती गेली तर आख्खा साठा वाचता येणार नाही. तिथे मेल राखण्याची मुदत मूळ सेटिंगमध्ये २५५७ दिवस, म्हणजे ७ वर्षं आहे. तुम्हाला दहा वर्षं हवी असतील तर पहिल्याच दिवशी बदला.

ऑलवेज_बीसीसी लावताना तीन अडचणी येतात. बीसीसीच्या पत्त्यावरून मेल परतला तर तो मूळ पाठवणाऱ्याकडे जातो, म्हणून तिथे कोटा लावू नका आणि जागेवर लक्ष ठेवा. मध्ये अमाविससारखा स्पॅम-व्हायरस फिल्टर असेल तर मेल पोस्टफिक्समधून दोनदा जातो आणि प्रतीही दोन पडतात. एका टप्प्यावर रिसीव्ह_ओव्हरराइड_ऑप्शन्समध्ये नो_अ‍ॅड्रेस_मॅपिंग्ज द्या. तिसरं, मूळ मेलमधले बीसीसी प्राप्तकर्ते हेडरमध्ये नसतात, त्यामुळे प्रतीतही दिसत नाहीत. ते कुणाकुणाला गेले हे शोधायला पोस्टफिक्सचा लॉग लागतो, म्हणून लॉगही तितकीच वर्षं जपा.

आणि अशी प्रत ठेवली जाते हे सगळ्या कर्मचाऱ्यांना आधी सांगा.

---

आयनोड

बॅकअपबद्दल कुणी बोललं नाही. मेलडिरमध्ये फ्लॅग फाइलच्या नावातच असतात. मेल वाचला की फाइल ‘न्यू’ फोल्डरमधून ‘कर’ फोल्डरमध्ये जाते आणि नावाच्या शेवटी अक्षर जोडलं जातं. आरसिंकला ती नवी फाइल वाटते, मग जुनी पुसून पूर्ण मेल पुन्हा पाठवतो. म्हणून रात्र पुरत नाही. बोर्ग किंवा रेस्टिक हे बॅकअपचे प्रोग्राम मजकुराचे तुकडे ओळखतात, त्यांना नाव बदललेलं चालतं, तेव्हा त्यांपैकी एक घ्या. आरसिंक काही दिवस ठेवणारच असाल तर फाइलची वेळ जपणारा पर्याय असलाच पाहिजे. मेल आल्याची तारीख मेलडिरमध्ये फाइलच्या एमटाइमवर (मजकूर शेवटचा बदलला ती वेळ) असते, ती गेली तर परत आणलेले सगळे मेल आजचे दिसतात.

डव्हकॉटच्या इंडेक्स फाइल्स बॅकअपमधून वगळल्या तरी चालतं, त्या पुन्हा बनतात. पण डव्हकॉट-यूआयडीलिस्ट, डव्हकॉट-कीवर्ड्स आणि सबस्क्रिप्शन्स या फाइल्स हव्यातच. यूआयडीलिस्ट (मेलच्या ओळख क्रमांकांची यादी) नसेल तर प्रत्येक क्लायंट सगळं खातं पुन्हा डाउनलोड करतो आणि पॉपवाल्यांकडे सगळे मेल दुसऱ्यांदा उतरतात.

एखादं खातं चाचणीच्या नव्या खात्यात परत आणून बघा आणि फोल्डरवार मेसेजेस व व्हीसाइज जुळतात का ते तपासा. मेल हलवण्याच्या आधीच हे झालं पाहिजे.

---

साठवण

एवढं करून क्लायंटकडे दुर्लक्ष नको. मेल आर्काइव्हमध्ये गेला की क्लायंटच्या दृष्टीने तो नवा मेल, त्यामुळे तो पुन्हा उतरवून घेतो. पाच मोठी खाती एकाच दिवशी हलवलीत तर ऑफिसचं इंटरनेट दिवसभर अडकेल. एका रात्री एक खातं, तेही वर्षवार. थंडरबर्डमध्ये सिंक्रोनायझेशनच्या सेटिंगमध्ये आर्काइव्हच्या फोल्डरांची ऑफलाइन खूण काढून टाका. आउटलुकमध्ये सगळ्यात जुनी वर्षं अनसबस्क्राइब करून ठेवा, नाहीतर ओएसटी फाइल (आउटलुकची संगणकावरची प्रत) ५० जीबीच्या मर्यादेला टेकेल.

पॉपवाल्यांना फक्त इनबॉक्स दिसतो. त्यांचे हलवलेले मेल त्यांच्या संगणकावर राहतील, सर्व्हरवरचे त्यांना वेबमेलवरूनच बघता येतील. त्यांचा एखादा मेल आर्काइव्हमधून इनबॉक्समध्ये परत आणलात तर त्याला नवा यूआयडी मिळतो आणि तो पुन्हा उतरतो. एखादाच असेल तर बिघडत नाही, पण आख्खं वर्ष परत आणायचं असेल तर आधी त्यांना आयमॅपवर घ्या.