मुतखडा आणि जुना संधिवात एकदमच, मदत हवी आहे

नमस्कार ताई-दादांनो, मी सोलापूरची. ७ वर्षं संधिवात आहे, ते दुखणं अंगवळणी पडलंय, पण मागच्या आठवड्यात सोनोग्राफीत डावीकडं ६ एमएमचा खडा निघाला आणि आता कुठली कळ कंबरेची अन् कुठली खड्याची तेच कळेना. डॉक्टर म्हणाले पेनकिलर जपून, किडनीवर ताण येतो, मग सांध्यांचं काय करू हो, रात्रभर डोळा लागत नाही. पाणी भरपूर पिते पण इथलं ऊन माहितीये ना, सगळं घामातच जातं. शेंगदाण्यातल्या ऑक्झलेटमुळं (त्यानं खडे बनतात म्हणे) शेंगाचटणी पण बंद केली, लय जिवावर आलं. ताप-थंडी आली तर लगेच दवाखाना गाठायचा हे माहितीये. दोन्ही दुखणी सोबत काढलेलं कुणी आहे का? रात्र कशी काढलीत तेवढं सांगा प्लीज.