प्रतिसाद: एबीआय नॉर्मल आला तरी

एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) नॉर्मल म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या, हे वरचं म्हणणं एरवी ठीक, पण मधुमेह्यांच्या बाबतीत नाही पटत. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब ०.९ किंवा त्याखाली आला तर अडथळा, हे खरंच. मात्र जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, दाब मोजायचा पट्टा कितीही फुगवा, दबत नाहीत. मग आकडा फसवा येतो, कधी १.४ च्याही वर.

सासऱ्यांचा असाच 'उत्तम' आला होता, आणि टाचेची जखम काही भरेना. शेवटी पायाच्या अंगठ्याला बोटभर रुंदीचा पट्टा लावून दाब मोजला, तेव्हा अडथळा असल्याचं कळलं (तिथल्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, अंगठ्याचा दाब भागिले दंडाचा दाब ०.७ च्या खाली म्हणजे गडबड). डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), अँजिओप्लास्टी (फुगा घालून धमनी रुंद करणं) वगैरे त्यानंतर.