तीन पानांवरून रानस्ट्रॉबेरी ठरवू नका
ग्रुपवर वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीतल्या (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) फोटोतलं लाल फूल रानस्ट्रॉबेरीचं, कारण पान तीन पर्णिकांचं, म्हणजे तीन छोट्या पानांत विभागलेलं आहे. तीन पर्णिका बरोबर, पण तिकडच्या रानस्ट्रॉबेरीचं फूल पांढरं असतं आणि ती जमिनीवर धावते (सरपटणारी खोडं) पसरवते. फोटोतलं हे मात्र पोटेंटिला अ‍ॅट्रोसँग्विनिया वाटतंय, गुलाबाच्याच कुळातलं. पान उलटं करून बघा, खालून रुपेरी पांढरी लव असते, आणि पाकळ्या पाच, प्रत्येकीला टोकाला खाच, त्यामुळे बदामासारखी दिसते.

यात अजून एक सांगायचंय, याचा पिवळ्या फुलांचा प्रकारही हिमालयात आहे आणि त्याचे फोटो लोक सर्रास बटरकप (तशीच पिवळी फुलं येणारं, पण वेगळ्या कुळातलं झाड) म्हणून टाकतात. तिथे फूल न तोडता हळूच मागून बघायचं: पाच सेपल्स (पाकळ्यांखालची हिरवी दलं) आणि त्यांच्यामधून डोकावणारी अजून पाच हिरवी छदं (पानासारखे छोटे भाग), जास्वंदीला कळीखाली जसं जादा हिरवं वेटोळं असतं ना तसं. बटरकपला ही दुसरी रांग नसतेच. स्ट्रॉबेरीला मात्र असते, म्हणून स्ट्रॉबेरी आणि पोटेंटिलात फरक करायला फळ बघावं, स्ट्रॉबेरीत फुलाचा मधला उंचवटा फुगून गरदार होतो, पोटेंटिलात तो कोरडाच राहतो आणि वर नुसते बारीक दाण्यांसारखे फळांचे कण. माझ्या मते पुढच्या वेळी फुलाच्या मागच्या बाजूचा एक फोटो प्रत्येकाने टाकावाच, ओळख पटवणं खूप सोपं जाईल.