घरची कामं आपल्या हातांनी : तुम्हाला काय मिळालं?

घरकामाला कुणी न ठेवता, किंवा ठेवूनही काही कामं मुद्दाम स्वतःकडे राखून ज्यांनी घर सांभाळलं, त्यांच्यासाठी हा अनुभव धागा. एरवी हा विषय 'पैसे वाचतात' इथेच संपतो. मला त्यापलीकडचं ऐकायचं आहे.

माझ्यापासून सुरुवात करते. मी फरशी खाली बसून, हाताने पुसते. त्यामुळे घर आतून कळतं. बेसिनखालचा पाइप झिरपतोय, झुरळं कुठल्या मोरीतून येतात, हे तिथे हात पोचतो म्हणून समजतं. दाराच्या चौकटीवर वाळवीची मातीची रेघ वीतभर असतानाच दिसली आणि चौकट वाचली. उभ्याने पोछा फिरवला असता तर ती कोपऱ्यातली रेघ नजरेत आली नसती.

तुम्ही सांगा. कोणतं काम, कसं करता, काय हाती आलं. चार ओळी असल्या तरी चालतील.

कोल्हापूरहून
आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, माळ्यावरची भांडी उतरवून घासायची. सासूबाई वाकळा पंचगंगेवर न्यायच्या, आम्ही गच्चीवर बॅरल भरून घेतो. ओली वाकळ एकटीला पिळत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ द्यावा लागतो. मी आणि माझी धाकटी जाऊ वर्षभर आपापल्या संसारात असतो. पोटातलं सगळं बोलणं त्या दिवसांत होतं. मशीन आहे घरात, पण वाकळ त्यात घालणार नाही. आईच्या लुगड्यांची आहे ती. कुठला टाका उसवलाय हे हात फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि वेळेत कळलं तर सुईदोऱ्यावर भागतं.

श्टुटगार्टहून
इकडे झाडण्याच्या पाळीला केअरवोखं म्हणतात. आपला आठवडा आला की दाराला पाटी लटकते. छोटी पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी म्हणजे तळघर, अंगण आणि घरासमोरचा पदपथ. आमच्या भाडेकरारातच ते लिहिलेलं आहे. मुंबईत वाढलो, जिना झाडणं हे सोसायटीच्या माणसाचं काम असंच डोक्यात होतं. इथे डॉक्टर असो की बसचालक, पाटी सगळ्यांच्या दाराला लागते. नवीन होतो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी कोपऱ्यातून झाडू कसा ओढायचा ते दाखवलं. त्यांच्याशी बोलताबोलता माझं जर्मन सुधारलं आणि शेजारही मिळाला. माझी मुलगी आता पाटी दिसली की स्वतःहून सुपली-झाडू आणते. तिला या कामात काही कमीपणा वाटत नाही, याचा मला फार आनंद आहे.

साताऱ्याहून
एसटीत चालक होतो. नोकरीभर मुक्कामाच्या गावी मिळेल ते खाल्लं, घरी सौ.च्या हातचं. निवृत्तीनंतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी भाकरी शिकलो. तिनं पलंगावर बसून शिकवली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कडकडीत पाणी घालायचं आणि तळहातानं चांगलं मळायचं. एकेका भाकरीचंच मळायचं. थापताना परातीत पीठ भुरभुरायचं, बोटांनी कडेकडेनं फिरवत न्यायचं. तव्यावर पिठाची बाजू वर ठेवून पाणी फिरवायचं, आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. मग दुसरी बाजू भाजून विस्तवावर टम्म फुगवायची. सौ. आता हिंडती-फिरती आहे, तरी भाकरी माझ्याकडंच. निवृत्तीनंतर सकाळ अंगावर यायची, ते गेलं. आणि कुणी जेवायला वाढायची वाट बघत बसावं लागत नाही, याचं सुख मोठं आहे.

ठाण्याहून
फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं शरीराच्या अंगाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल हवी, आणि त्यात घरकामही धरलं आहे. सलग दहा मिनिटांची जुनी अटही आता नाही. जाळी काढणं, फरशी पुसणं, गाद्या उन्हात टाकणं यात श्वास वाढतो, ते जमेला येतं. कपड्यांच्या घड्यांनी येत नाही. भरलेली बादली एका हाताने ओढू नका, दोन अर्ध्या न्या. गुडघे दुखत असतील तर उकिडवं बसण्याचा हट्ट नको, ठेंगणं स्टूल घ्या.

नागपूरहून
सगळं छान आहे, पण एक गोष्ट मांडायलाच हवी. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ९७. आणि दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात चारात एक! 'आपलं काम आपण' म्हणताना ते एकाच बाईच्या पाच तासांत बसणार असेल, तर तिला कसला फायदा? आमच्या घरी संडास-बाथरूम मुलाकडे, दूध-भाजी आणि निवडणं-टिपणं सासऱ्यांकडे, भांडी नवऱ्याकडे आहेत. मला मिळाली ती संध्याकाळ. त्या वेळात मी पेटी शिकते.

धागाकर्ती : ताई, पूर्ण पटलं. हे मी वरच लिहायला हवं होतं असं वाटण्याइतकं महत्त्वाचं आहे.

पिंपरीहून
मी लोकांकडं धुणीभांडी करते. मुलगी लिहून देतीय. तुम्ही सगळी कामं हातात घेतली तर आमचं पोट कसं चालायचं, हे बी ध्यानात ठेवा. पण एका घरी सगळी जेवून उठली की आपापलं ताट खरकटं काढून, विसळून ठेवतात. कुकर भिजत घालतात. त्या घरात माझी पाठ धरत नाही आणि माणसं बोलतात बी नीट, कारण काम काय असतं ते त्यांना ठावं आहे. माझ्या घरी भांडी पोरगा घासतो. दिवसभर दुसऱ्यांची घासून आल्यावर स्वतःच्या घरी मोरीत भांडं नसतं, तेव्हा लई बरं वाटतं.

कोल्हापूरहून
साताऱ्याच्या काकांना विचारायचं होतं. माझ्या मुलाच्या भाकरीच्या कडा फाटतात. पाणी कडकडीतच घालतो.

साताऱ्याहून
पीठ जुनं असेल. विरी, म्हणजे पीठ धरून ठेवायची ताकद, गेली की कितीबी मळा, चिरतंच. आठवड्यापुरतंच दळून आणायला सांगा.